सतरावी जोडी

सुप्रभा ओगले मोडक्या वेबसाइटी दुरुस्त करायची. लंडनमधल्या वेम्बलीच्या तिच्या घरात वरच्या मजल्यावर एक बॉक्सरूम, म्हणजे अडगळीची छोटी खोली, होती. श्रीनिवासच्या, म्हणजे तिच्या डॉक्टर नवऱ्याच्या मते ती इस्त्रीची खोली, आणि तिच्या मते ऑफिस. दोघांचंही खरं होतं, कारण इस्त्रीचा बोर्ड तिथून कधीच हलला नाही. त्या बोर्डाला खेटून ठेवलेल्या टेबलाशी बसून तिने फरसाणवाल्यांच्या, ड्रायव्हिंग स्कूलच्या, योगवर्गांच्या, एका तबलावादकाच्या अशा कितीतरी साइटींना जीवदान दिलं होतं.

दोन हजार सालच्या आसपास जो तो वेबसाइट काढत होता. कुणाच्या पुतण्याने हौसेने बांधून दिली, कुणाच्या भाचीने उन्हाळ्याच्या सुट्टीत. मग पुतणे मोठे झाले, नोकरीला लागले, आणि त्यांनी बांधलेल्या साइटी पोरक्या झाल्या. एखादं पान उघडेना, एखादं उघडलं तर मिटेना. मग कुणीतरी म्हणायचं, ओगलेबाईंना फोन करा. ओगलेबाई आधी सगळा जुना कोड कागदावर छापून घेत, पेन्सिल हातात धरून कादंबरीसारखा वाचत, आणि मगच हात लावत. जुनी साइट नव्या फ्रेमवर्कमध्ये नेणं म्हणजे घर बदलण्यासारखंच. सामान हलवताना झटकून घ्यायचं, दोनदा आलेली भांडी एकात एक घालायची, कचरा मागे ठेवायचा. हे शेवटचं तिला फार आवडायचं. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली दिसली की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

त्या तिडकेला कारण होतं. सांगलीला ती वरदा जोगळेकर म्हणून जन्मली आणि वरदा जोगळेकर म्हणूनच गणितात पहिली आली. एक्याऐंशी साली लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, श्रीनिवासने अंगठीने त्यावर 'सुप्रभा' लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले आणि वरदा संपली. निदान सगळ्यांना तसं वाटलं. इंग्लंडात आल्यावर कळलं की डिग्री वरदाची आहे आणि पासपोर्ट सुप्रभाचा. ही वरदा कोण, असं प्रत्येक ऑफिसात विचारायचे. मग सॉलिसिटर, मग शपथपत्र, मग सांगलीला पत्र, मग पुन्हा सॉलिसिटर. कौन्सिलच्या कॉम्प्युटर खात्यातली पहिली नोकरी त्यापायी दोन वर्षं उशिरा मिळाली. "एका बाईला दोन नावं दिली की तिचं अर्धं आयुष्य 'मीच ती, मीच ती' म्हणून सह्या करण्यात जातं," असं ती म्हणायची, आणि इतक्या वर्षांनंतरही ते म्हणताना तिचा आवाज चढायचा.

दोन हजार सात सालच्या सप्टेंबरात तिला ईलिंग रोडवरच्या कमलाकर गोगट्यांचा फोन आला. गोगटे केमिस्ट होते. तीस वर्षं एकाच काउंटरमागे उभे राहून त्यांनी अर्ध्या वेम्बलीचं बीपी, शुगर आणि संधिवात तोंडपाठ केले होते. दुकानाची वेबसाइट त्यांचा पुतण्या राज याने दोन हजार एक साली, शाळा संपता संपता बांधली होती. जुनी एएसपीची पानं, मागे अ‍ॅक्सेसचा डेटाबेस, सगळं हाताने जोडलेलं. पण ती साइट नुसती शोभेची नव्हती. कुणाची कुठली औषधं कधी संपतात ते ती लक्षात ठेवायची, महिन्याच्या महिन्याला डॉक्टरांच्या सर्जरीकडे, म्हणजे दवाखान्याकडे, मागणी पाठवायची आणि दर गुरुवारी डब्यांची यादी छापायची. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या आठवड्याच्या डब्यात भरून, गुरुवार ते बुधवार, सकाळ-संध्याकाळ असे कप्पे लावून घरपोच जायच्या. यादीत नाव असलं की डबा जायचा. यादीत नाव नसलं की जायचा नाही. वाचकाने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

"सुप्रभाताई, सर्व्हरवाले म्हणतात दहा ऑक्टोबरला जुनं सगळं बंद करणार," गोगटे म्हणाले. "आणि मला आठला नाशिकला जायचंय. आमच्या देवीचं नवरात्र. त्याआधी होईल ना?"

"होईल हो, गोगटेकाका. त्यात काय," सुप्रभा म्हणाली.

झालंही असतं सुरळीत. पण डेटाबेस उघडून पाहिला तर अकराशे चाळीस नावं, आणि त्यांत बायका दोनदोनदा. एकच आडनाव, एकच पत्ता, एकच जन्मतारीख, फक्त नाव वेगळं. एखाद्या इंग्रज प्रोग्रामरने ही जुळी भावंडं समजून सोडून दिली असती. सुप्रभा मात्र खुर्चीत सरसावून बसली. हे काय आहे ते तिला पाहताक्षणी कळलं. डॉक्टरांच्या कागदावर एक नाव, बसच्या पासवर दुसरं. एकदा माहेरचं सांगितलं, एकदा सासरचं. दुकानातल्या मुलींनी दोन्ही टाकून ठेवली. म्हणजे यातली प्रत्येक बाई तिच्यासारखीच, दोन नावांच्या मध्ये अडकलेली. अशा सतरा जोड्या निघाल्या.

तिने पहिल्या चौघींना फोन केले. चौघीही हसल्या. "अगं बाई, हो! ते माझं माहेरचं नाव. तुला कसं कळलं गं?" पाचवा फोन तिने केला नाही. शितावरून भाताची परीक्षा, असं तिने स्वतःला सांगितलं. म्हण चांगली आहे, पण ती भातापुरती. भाताची सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात.

मग तिने नियम लिहिला. आडनाव, पत्ता, जन्मतारीख सारखी असेल आणि बाई असेल, तर दोन नोंदींची एक करायची. ज्या नोंदीला शेवटचा हात लागला तिच्यातली औषधं ठेवायची आणि दुसरी नोंद जुन्या कागदपत्रांत टाकायची. सहा ओळींचा नियम होता. तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की तिने श्रीनिवासला हाक मारून वर बोलावलं आणि तो वाचून दाखवला. श्रीनिवास भूलतज्ज्ञ, दिवसभर लोकांना झोपवून दमलेला. "छान आहे," तो म्हणाला आणि जेवायला खाली गेला.

सतरांपैकी सोळा जोड्या बरोबर होत्या.

सतरावी जोडी केळुसकरांची. यमुना केळुसकर आणि शशिकला केळुसकर, पत्ता एकच, जन्म एक जून एकोणीसशे अडतीस. एक जून बघून सुप्रभाला हसू आलं होतं. आपल्याकडे त्या पिढीत खरी जन्मतारीख कुणाला ठाऊक होती? शाळेत नाव घालायला गेलं की हेडमास्तर डोळे मिटून एक जून लिहायचे. निम्मा महाराष्ट्र कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेला. 'आणखी एक हेडमास्तरांचं बाळ,' ती मनाशी म्हणाली आणि पुढे गेली. जन्मतारीख खोटी आहे हे तिला कळलं. खोटी तारीख एकाच घरातल्या दोघींनाही मिळू शकते, हे सुचायला आणखी एक क्षण लागला असता. तो क्षण तिने दिला नाही. दोन्ही नावांवर महिन्याच्या महिन्याला औषधं जात होती, तेही तिला दिसलं. तिला वाटलं, कधी या नावाने, कधी त्या नावाने. तिच्याकडेही एकेकाळी लायब्ररीची दोन कार्डं होतीच.

शशिकलेच्या नोंदीत प्रेडनिसोलोन होतं. स्टिरॉइडची गोळी, दम्यासाठी, गेली नऊ वर्षं. ती गोळी घेणाऱ्या माणसाजवळ इथे एक निळं कार्ड असतं आणि त्यावर छापलेलं असतं की औषध एकदम थांबवू नका. शरीर स्वतःचं काम विसरलेलं असतं. गोळी थांबली तर ते कोसळतं. डॉक्टरच्या बायकोला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण सुप्रभा औषधं वाचत नव्हती, ती रकाने बघत होती. यमुनेच्या नोंदीला शेवटचा हात दोन दिवस नंतर लागला होता. नियमाने यमुना ठेवली.

एक खूण मात्र जुन्या साइटने ठेवली होती. डेटाबेसच्या अगदी टोकाला 'फ्लॅग टू' नावाचा एक रकाना होता. अकराशे चाळीस ओळींपैकी फक्त सहा ओळींत 'वाय' लिहिलेलं, बाकी सगळा रिकामा. सुप्रभाने राजला ईमेल केली. उत्तर आलं नाही. तिने गोगट्यांना विचारलं. ते बॅग भरत होते.

"मला त्यातलं काय कळतं, ताई? मी तोंडाने सांगायचो, राज टाकायचा. त्यालाच विचारा. ऑस्ट्रेलियात भटकतोय, करील फोन."

त्या माणसाला वेम्बलीतली प्रत्येक म्हातारी ठाऊक होती. 'केळुसकरांकडे बायका किती?' एवढं विचारलं असतं तर त्याने बॅगेतून मान वर न काढता सांगितलं असतं. पण सुप्रभाने रकान्याबद्दल विचारलं, बायकांबद्दल नाही. रिकाम्यासारखा रकाना तिने जुन्या बॅकअपमध्ये राहू दिला आणि नव्या घरी नेला नाही.

सोमवारी आठ ऑक्टोबरला नवी साइट सुरू झाली. पानं झटझट उघडत होती. गोगटे खूश होऊन विमानात बसले. दुकान तीन आठवड्यांसाठी एका लोकम, म्हणजे बदली फार्मासिस्टवर सोपवलं होतं. मुलगी हुशार, नीटनेटकी, यादीप्रमाणे चालणारी. गुरुवारी यादी छापली गेली आणि केळुसकरांच्या घरी एक डबा गेला. त्याआधी दर गुरुवारी दोन जायचे.

त्या घरात काय झालं ते सुप्रभाला पुढे कळलं, पण इथे आधी सांगतो. त्या दोघी जावा. यमुनाबाई थोरली, शशिकला धाकटी. चौसष्ट साली दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, इकडे यायला निघाले. पासपोर्टचे फॉर्म एकाच बैठकीत थोरल्या भावाने भरले आणि दोघींच्या पुढे एकच तारीख ठोकली, कारण दोघींनाही आपली ठाऊक नव्हती. नवरे गेले, मुलं पांगली, आणि दोघी त्याच घरात राहिल्या. त्रेचाळीस वर्षांत त्या घरात कधी दुसरी चूल मांडली गेली नाही. एक आंबा आला तर दोन फोडी, एक शाल आली तर एक हिवाळा हिचा, एक तिचा.

एकच डबा आला तेव्हा थोरलीने तो उलटसुलट करून पाहिला. इंग्रजी दोघींनाही वाचता यायचं नाही. डब्यावरच्या चिठ्ठीवर कुणाचं नाव आहे ते त्यांना कळणार नव्हतं, आणि गोळ्या दोघींच्या सारख्याच पांढऱ्या. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या असतील, असं तिने ठरवलं. आणि एकच डबा असला तरी धाकटीला वगळून आपण एकटीने कसं घ्यायचं? तिने सुरी आणली आणि गोळ्या निम्म्या केल्या. यमुनाबाईंच्या डब्यात बीपी उतरवणाऱ्या आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या होत्या. धाकटी ज्याच्या आधारावर उभी होती तो आधार गेला होता, आणि वर जे मिळत होतं ते तिला आणखी खाली ओढणारं होतं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, प्रेमाने.

एकवीस तारखेला दसरा होता, रविवारच. मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता. आपट्याची पानं इथे कुठून आणणार? सोनेरी कागदाची कापायची. ती पानं वर्षानुवर्षं दोन काकू कापून आणायच्या. त्यांना सगळे थोरल्या काकू आणि धाकट्या काकू म्हणायचे. सुप्रभा त्यांना वीस वर्षं ओळखत होती. थोरल्या काकूंच्या कोथिंबीरवड्या खाल्ल्या होत्या, धाकट्या काकूंच्या खणखणीत आवाजातली आरती ऐकली होती. त्यांची नावं काय, हे तिने विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. काकूंना नाव कशाला लागतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा.

त्या दिवशी धाकट्या काकू भिंतीशी खुर्चीत बसून होत्या. आरतीला उठल्या नाहीत. चेहरा पिठासारखा झालेला. सुप्रभाने सोनं द्यायला त्यांचा हात हातात घेतला तर तो गार आणि ओलसर लागला.

"काकू, बरं नाही का वाटत?"

"काही नाही गं. जीव नुसता खाली खाली जातोय," धाकट्या काकू म्हणाल्या. "अन्नावरची वासनाच उडालीये."

"थकलीये ती," थोरल्या काकू मध्ये म्हणाल्या. "हवा बदलली ना. पण डॉक्टर म्हणतायत तब्येत सुधारलीये. गोळ्या कमी केल्यात आमच्या."

"अरे वा!" सुप्रभा म्हणाली. "कमी झाल्या म्हणजे चांगलंच की! अभिनंदन करायला हवं तुमचं."

धाकट्या काकू हसल्या. त्यांच्या हातात सुप्रभाने कागदाचं पान ठेवलं आणि ती जेवणाच्या रांगेकडे गेली. तो दिवस आठवला की तिला पहिल्यांदा आपलं 'अरे वा' ऐकू यायचं.

सोमवारी सकाळी साडेदहाला राजचा फोन आला.

"हॅलो आंटी, सो सॉरी, मी बॅकपॅकिंग करत होतं, ईमेल आत्ता बघितलं. फ्लॅग टू ना? ते इम्पॉर्टंट आहे. डोन्ट रिमूव्ह इट."

"काय आहे ते?" सुप्रभाने विचारलं.

"काकाने सांगितला होता मला. काही लेडीज सेम हाऊस, सेम सरनेम, सेम बर्थडे असते, पण त्या दोन असते. सिस्टर-इन-लॉज, यू नो? काका म्हणायचा, 'दोघी आहेत, जोडू नकोस.' म्हणून मी वाय टाकला. आंटी? हॅलो?"

तिने फोन कधी ठेवला ते तिला आठवत नाही. बॅकअप उघडला. सहा वाय, म्हणजे तीन जोड्या. त्यांतल्या दोन तिच्या नियमातून सुटल्या होत्या, कारण त्यांतल्या एकेकीने मध्यंतरी पत्ता बदलला होता. तिसरी केळुसकरांची. तिने शशिकलेची नोंद पहिल्यांदा, वाचायची तशी, वरून खाली वाचली. प्रेडनिसोलोनवर येऊन तिचे डोळे थांबले. तिने दुकानात फोन लावला.

"मिसेस केळुसकर? येस, यमुना, वन ट्रे, इलेव्हन्थ अँड एटीन्थ," लोकम म्हणाली. "इज देअर अनदर?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सुप्रभानेच ती पुढे सगळ्यांसमोर सांगितली. त्या क्षणी तिच्या मनात आलं की दोन मिनिटांत नोंद परत दोन करता येईल. आज डबा जाईल. कुणाला पत्ता लागणार नाही. बोटं की-बोर्डवर होती. मग तिने ती उचलली, गाडीची किल्ली घेतली आणि निघाली. तिच्याबद्दल माझं बरंवाईट काहीही मत असो, हे तिच्या बाजूला लिहायलाच हवं.

पत्ता दहा मिनिटांवर होता. स्टेडियमच्या नव्या कमानीवर ऊन पडलं होतं. तिने बेल वाजवली आणि दार उघडलं थोरल्या काकूंनी. सुप्रभाला आधी वाटलं, घर चुकलं.

"अगं, तू? ये, ये," काकू म्हणाल्या. "बरं झालं आलीस. धाकटीला उलट्या होतायत सकाळपासून. उठवतेय तर नीट बोलत नाही."

सुप्रभा उंबरठ्यावरच उभी राहिली. "काकू," ती म्हणाली, "तुमचं नाव यमुना का?"

"हो. का गं?"

धाकट्या काकू आतल्या कॉटवर कुशीवर पडल्या होत्या. अंगावर शाल होती आणि ओठ पांढरे. सुप्रभाने हाक मारली, "शशिकलाकाकू!" त्या नावाने त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी हाक मारली नसावी. पापण्या जरा हलल्या आणि पुन्हा मिटल्या. टेबलावर डबा होता, त्याच्या शेजारी भाजीची छोटी सुरी, आणि पांढऱ्या गोळ्यांचा भुगा.

तिने श्रीनिवासला फोन केला. ऑपरेशन थिएटरमधून त्याला बाहेर बोलावलं. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"किती दिवस गोळी नाही?" त्याने विचारलं.

"अकरा."

"नऊ-नऊ-नऊ कर. आत्ता. आणि आल्या आल्या पहिला शब्द स्टिरॉइड म्हण. बाकी काही नंतर."

अँब्युलन्स आली. माणसं चांगली होती, भराभर काम करत होती. सुप्रभाने स्टिरॉइड सांगितलं, दिवस सांगितले, वाटून घेतलेल्या गोळ्या सांगितल्या. त्यांनी साखर तपासली आणि एकमेकांकडे पाहिलं. तिथेच शिरेत सुई लावली.

हॉस्पिटलच्या खिडकीत बाईने नाव आणि जन्मतारीख विचारली. सुप्रभाने सांगितली. बाईने टाइप केलं, पडद्याकडे पाहिलं.

"केळुसकर, फर्स्ट ऑफ जून, थर्टी-एट. येस, आय हॅव हर. यमुना. ब्लडप्रेशर अँड डायबिटीज. दॅट्स हर, इझन्ट इट?"

"नो," सुप्रभा म्हणाली. इतक्या मोठ्यांदा म्हणाली की रांगेतली माणसं वळली. "देअर आर टू. प्लीज. देअर आर टू ऑफ देम."

बाईने पुन्हा शोधलं आणि दुसरी सापडली. त्यांच्याकडे दोघी होत्या. सगळ्यांकडे दोघीच होत्या, फक्त तिच्या नियमाच्या सहा ओळींत एक झाली होती.

थोरल्या काकू वेटिंग रूममध्ये पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सुप्रभा त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. "काकू, चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि जमेल तितकं सोपं करून सांगितलं. यादी, दोन नावं, एक तारीख, हरवलेला डबा. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या गोळ्या माझ्या एकटीच्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि मी तिला दिल्या."

"काकू, तसं नाही..."

"तिला कधी कमी पडू दिलं नाही गं मी. एक होती ती सुरीने कापून दिली. नको म्हणत होती ती, कडू लागते म्हणाली. मीच बळेबळे दिली, समोर उभी राहून."

सुप्रभाला रडू फुटलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

शशिकला केळुसकर बुधवारी सकाळी गेल्या. अकरा दिवस फार झाले होते, आणि छातीत कफही साठला होता. पुढे चौकशी झाली. कॉरोनरसमोर, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, सुप्रभाने सगळं सांगितलं. नियम, चार फोन, न केलेला पाचवा फोन, फ्लॅग टू, की-बोर्डवरची बोटंसुद्धा. नाशिकहून धावत आलेले गोगटे मागच्या बाकावर डोकं धरून बसले होते. तिला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं ती श्रीनिवासला एकदाच म्हणाली. त्यानंतर तिने एकही साइट हलवली नाही. मात्र त्या एका साइटचं काम तिला पुरं करावंच लागलं. तिने एकीच्या दोघी केल्या, शशिकलेची औषधं जागच्या जागी लावली, नोंद पूर्वीसारखी करून दिली. मग त्याच नोंदीत खाली, मृत्यूच्या रकान्यात, तारीख भरली. दुसरी तारीख निदान खरी होती.

यमुनाबाईंचा डबा आता दर गुरुवारी सुप्रभाच घेऊन जाते. गोगट्यांनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. काकू दार उघडतात, चहा टाकतात. ती कप्पे तपासते. एकही गोळी राहिलेली नसते, एकही कापलेली नसते. सुरी मात्र तिथेच, डब्याशेजारी असते. ती उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली तर पुढच्या गुरुवारी पुन्हा टेबलावर दिसते.

दर वेळी, चहा होईपर्यंत, सुप्रभा तेच सांगते. "काकू, चूक माझी होती. यादीतून नाव मी काढलं. तुम्ही काही केलं नाहीत." तिला वाटतं, एक ना एक दिवस ते काकूंच्या मनात उतरेल. काकू मान हलवतात. लहान मुलीची समजूत घालावी तशा हो म्हणतात.

"हो गं बाई, तुझीच चूक," त्या म्हणतात. "पण तुझ्या त्या यंत्राने सुरी नव्हती ना धरली." आणि चहात साखर घालायला सुप्रभाला सांगतात, कारण स्वतःच्या हाताने त्या आता कुणालाच काही देत नाहीत.